आठ नंबरची सूट

"आज आठ नाही," नोंग सेव्हेरो म्हणाला आणि बॅचॉयच्या वाडग्यावर पुन्हा वाकला.

डेल्फिनच्या हातातला पाव रश्श्यात बुडलेला होता तो तसाच राहिला. त्याचं टोक मऊ होऊन तुटलं आणि वाडग्यात पडलं. इलोइलोतल्या ला पाझच्या बाजारात रविवारची सकाळ ऐन भरात होती. शेजारच्या ठोकळ्यावर डुकराची हाडं फुटत होती, कढईतून लसणाचा वास येत होता आणि म्हातारा शांतपणे शेवया ओढत होता. "आठ नाही म्हणजे?" डेल्फिनने विचारलं. त्याला चांगलं कळलं होतं. "म्हणजे नाही. नऊ तुझा, नऊ माझा. बरोबरीने खेळू." "पण का?" "का काय, तोतो, पोरा? आठ माझा होता, मी देत होतो. आता नाही देत." हे तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की दुसऱ्या गावच्या माणसाला वाटलं असतं, काहीतरी देतोच आहे. इलोइलोची माणसं शिवीसुद्धा अंगाई म्हटल्यासारखी देतात. डेल्फिन याच गावात जन्मला, इथेच वाढला, म्हणून गोड आवाज ऐकला की तो आधी समोरच्याचे हात बघायचा. म्हाताऱ्याचे हात रिकामे होते. त्याने वाडगा उचलून उरलेला रस्सा पिऊन टाकला, "तीनला ये," म्हणाला आणि मासळीच्या गल्लीत शिरला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. डेल्फिन तिथेच बसून राहिला, शेवया गार होईपर्यंत. नांग पासिंगच्या बिलियर्डच्या हॉलमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हाताला तो शिवायचा त्या जीपनी गाड्यांच्या सीटांच्या रेक्झिनचा वास यायचा, अजूनही येतो, आणि सेव्हेरोच्या डोक्यावर तेव्हा सगळे केस होते. खेळ तसा साधा. काठीने ढकललेल्या पांढऱ्या चेंडूने एकपासून नऊपर्यंतचे चेंडू आकड्यांच्या क्रमाने मारत जायचे, आणि शेवटचा नऊ जो पॉकेटात घालेल त्याचा डाव. पण दोन माणसं सारखी कुठे असतात? म्हणून वरचढ माणूस दुसऱ्याला सूट देतो. "आठ तुझा," असं सेव्हेरो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. म्हणजे डेल्फिनने आठ घातला की डाव तिथेच संपला, डेल्फिनचा. सेव्हेरोला मात्र नऊपर्यंत जावं लागायचं. त्याच्या आधी म्हाताऱ्याने एक डाव नुसता खेळायला लावला होता. "आधी एक डाव सरळ खेळ, मग बघू." आणि डेल्फिन खेळत असताना तो चेंडूंकडे बघतच नव्हता. सगळा हॉल चेंडूंकडे बघत होता आणि हा माणूस डेल्फिनच्या कोपराकडे बघत होता. आपल्या बाहीला काही लागलंय की काय म्हणून डेल्फिनने दोनदा बाही झटकली होती.

तेव्हापासून तो आठवाला झाला. हॉलमध्ये माणसाला नावापेक्षा त्याला काय सूट मिळते त्यावरून ओळखतात. पंख्याखाली भिंतीला लागून लाकडी बाक आहे, त्यावर कुणाकडूनही सूट न घेणारे बसतात. सूट घेणाऱ्यांसाठी खिडकीकडे प्लॅस्टिकची स्टुलं, जिथे दुपारभर ऊन येतं. कुणी तसा नियम केलेला नाही. कुणी कुणाला उठवतही नाही. पण एकदा एक नवखा ट्रायसिकलवाला बाकावर बसला, तेव्हा कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तो आपोआप उठून खिडकीशी गेला. सूट मागण्यात कमीपणा नाही. मागत नाही तो मूर्ख. सूट टिकवणं हेच खरं कौशल्य, आणि ती टिकवायची तर आपला खेळ कुणालाही पुरता दाखवायचा नाही. अधूनमधून एखादा सोपा चेंडू सोडून द्यायचा. पॉकेटाच्या तोंडाशी आपटून तो बाहेर आला की कपाळावर हात मारायचा. डेल्फिनला हे जमायचं. इतकं जमायचं की कपाळावर हात मारताना त्याला खरंच वाईट वाटायचं. आणि रात्री बायको जोविताशेजारी पडल्यावर, छताकडे बघत, तो मनातल्या मनात ते सोडलेले चेंडू एकेक करून घालायचा. सगळे जायचे. म्हाताऱ्यापेक्षा मी वरचढ आहे, हे त्याचं गुपित होतं, आणि कर्जाने घेतलेली शिलाई मशीन, गळकं छप्पर, मालकाची बोलणी, या सगळ्याच्या खाली ते गुपित उबदार अंथरुणासारखं पसरलेलं असायचं. एक दिवस दाखवेन, असं त्याला वाटायचं. तो दिवस कधी, ते मात्र त्याने कधीच ठरवलं नव्हतं.

आता तो दिवस म्हाताऱ्याने परस्पर ठरवून टाकला होता. त्याला कळलं असेल का? कुणी सांगितलं असेल? इस्कोने? इस्को हाही आठवाला, त्याच्याच शेजारच्या स्टुलावर बसणारा. वर्षानुवर्षं शेंगदाणे वाटून खाल्ले, पण दोघं एकमेकांशी एक डाव कधी खेळले नाहीत. आठवाले आपसात खेळत नसत. खेळले असते तर कोण किती झाकून ठेवतोय ते चारचौघांत उघड झालं असतं. इस्को परवा म्हणाला होता, "म्हातारा मुलीकडे जाणार म्हणे, गुइमारास बेटावर. कायमचा." तेव्हा डेल्फिनने नुसती मान हलवली होती. आता त्या वाक्याचे धागे त्याला दिसायला लागले. जाणारा माणूस निरोपाची भेट देतो. भर हॉलमध्ये आठ काढून घ्यायचा, बरोबरीने खेळायचं, आणि हळूच हरायचं. म्हणजे लोक म्हणतील, बघा, सेव्हेरोने एक खेळाडू घडवला आणि गेला. आणि डेल्फिन जन्मभर बाकावर बसेल, म्हाताऱ्याने दानात दिलेल्या जागेवर. किंवा उलट असेल. डेल्फिनची हाडं मोडूनच जायचं ठरवलं असेल. दोन्हीपैकी कुठलं वाईट, हे त्याला ठरवता येईना.

घरी जोविता अंगणात विकायची केळी तळत होती. "आज आठ नाही म्हणाला," डेल्फिनने तिला सांगितलं. "म्हणजे?" "म्हणजे बरोबरीने." "मग चांगलंच झालं की. तोंड का असं?" तो कढईपाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, "तुला भेटला होता का तो एवढ्यात?" जोविताने झारा कढईच्या काठावर ठेवला. "गुरुवारी बाजारात भेटले. केळी घेतली. तू बरा आहेस का विचारलं." "आणि?" "आणि काय? बरा आहे म्हटलं." "एवढंच?" "तुला कुणी प्यायला पाणी दिलं तरी तू आधी वास घेतोस, डेल्फिन," ती म्हणाली. "माझ्याशी लग्न केलंस तेव्हासुद्धा माझ्या मामाला तीनदा विचारलंस, हिच्यात खोट काय आहे म्हणून." "मग काय सांगितलं त्याने?" "हेच, की मुलगा संशयी आहे." ती हसली, आणि त्यालाही हसू यायला हवं होतं. पण गुरुवारी म्हाताऱ्याने केळी घेतली, हे त्याच्या घशाशी अडकलं होतं. सेव्हेरोला केळी आवडत नाहीत. सगळ्या बाजाराला ठाऊक आहे.

तीन वाजता हॉलमध्ये उकडत होतं. नांग पासिंग, हॉलची मालकीण आणि सगळ्यांची नांग, म्हणजे ताई, पंख्याखाली पाय पसरून बसली होती, मांडीवर चेंडू लावायची तिकोनी चौकट. तिने डेल्फिनकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलास? मला वाटलं, ताप येईल तुला." बाकावरची माणसं हसली. हरणाऱ्याने दोघांचं टेबलाचं भाडं आणि बॅचॉय, एवढीच बोली होती, नेहमीचीच. आधी सात डाव जिंकेल तो. पण स्टुलांवरून माणसं उठून टेबलाजवळ आली होती, आणि इस्को तर भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून, नात्यातल्या कुणाचं ऑपरेशन असल्यासारखा. सेव्हेरोने आपली जुनी काठी खोक्यातून काढली, जोडली, आणि खडू लावताना एक डोळा मिटून टोक उजेडाकडे धरलं. एकच डोळा का मिटला? मिटलेल्याने दिसत नाही की काय? डेल्फिनच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती पुढे थांबलीच नाही.

पहिले काही डाव त्याला नीटसे आठवले नाहीत नंतर. आठवला तो चार नंबरचा चेंडू. सेव्हेरोच्या समोर तो मधल्या पॉकेटापासून वीतभर अंतरावर उभा होता, जोवितानेही घातला असता. सेव्हेरो वाकला, मारला, आणि चेंडू पॉकेटाच्या ओठाला लागून बाहेर आला. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला नाही. नुसता मागे सरला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाणी मनगटाने टिपलं. डेल्फिन टेबलाशी गेला, त्याने तो डाव घेतला, आणि घेताना त्याचे कान तापले. ही भेट. आता आणखी येतील. तो आपल्या पाळीत खेळायचा आणि म्हाताऱ्याच्या पाळीत त्याच्या कोपराकडे बघायचा, खरं कळावं म्हणून. आणि तेव्हा त्याला आठवलं की म्हातारा हेच करत आलाय, इतकी वर्षं. चेंडू खोटं बोलत नाही, तो बिचारा जिकडे ढकलला तिकडे जातो. खोटं कोपरात असतं. मुद्दाम चुकवणाऱ्याचं कोपर शेवटच्या क्षणाला किंचित बाहेर जातं, जसं खोटं सांगणाऱ्याचं तोंड. मग याला माझं कोपर पहिल्या दिवसापासून दिसत होतं? ते सगळे सोडलेले सोपे चेंडू, तो कपाळावरचा हात, ती रात्रीची ऊब? याला माहीत होतं, आणि तरी दर रविवारी "आठ तुझा" म्हणत राहिला? डेल्फिनला शर्टाखाली घाम फुटला. पंखा चालूच होता.

तो खेळला, हे मात्र कबूल करायला हवं. लपवायला काही उरलं नाही हे कळल्यावर माणूस एक तर ढेपाळतो किंवा मोकळा होतो, आणि डेल्फिन अर्धा ढेपाळला, अर्धा मोकळा झाला. पण त्याचे डाव विचित्र होत होते. एकपासून सातपर्यंत पांढरा चेंडू त्याच्या मनातलं ओळखून वागायचा. आठही जायचा. आणि मग नऊशी काहीतरी बिनसायचं. पांढरा भलतीकडे थांबायचा, आणि नऊ त्याला लांबून, वाकडातिकडा, नशिबाच्या भरवशावर मारावा लागायचा. कधी गेला, कधी नाही. नशीब म्हणून त्याने सोडून दिलं. सेव्हेरोही चुकत होता, घालत होता, पुन्हा डोळा टिपत होता. सहा डाव याचे झाले, सहा त्याचे. "आता शेवटचा," नांग पासिंग चौकट उचलत म्हणाली, आणि तिच्याही आवाजात आज चेष्टा नव्हती.

शेवटच्या डावात चेंडू फोडायची पाळी डेल्फिनची होती. चेंडू फुटले आणि सगळ्या टेबलावर असे पसरले की त्याला रस्ता दिसला. एक, दोन, तीन. त्याला कुणीच दिसत नव्हतं आता, ना बाक, ना इस्को. चार लांबून गेला. पाच, सहा कडेला खेटून असलेला, तोही. सातनंतर पांढरा हळूच घरंगळत आठच्या मागे जाऊन उभा राहिला, अगदी सरळ. कोपऱ्यात आठ, जवळच पॉकेट. डेल्फिन वाकला. कोपर जागच्या जागी होतं, त्याचं त्यालाच जाणवलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं. आठ मधोमध गेला, भांड्यात नाणं टाकावं तसा आवाज झाला. "चेंडू लावा, नांग," डेल्फिन सवयीने म्हणाला आणि टेबलाकडे पाठ करून खडूकडे वळला.

कुणी हललं नाही. नांग पासिंगने चौकट मांडीवरून उचलली नाही. मग इस्को खुसकन हसला, आणि ते हसू त्याने लगेच खोकल्यात लपवलं. डेल्फिन वळला. टेबलावर पिवळ्या पट्ट्याचा नऊ एकटाच उभा होता, आणि पांढरा चेंडू, ज्याला आठनंतर कुठे जायचं ते कुणीच सांगितलं नव्हतं, लांबच्या कडेला चिकटून बसला होता. इतकी वर्षं आठ म्हणजे शेवट होता. आठच्या पुढे पांढरा कुठे न्यायचा, हा विचार त्याच्या हाताने एकदाही केला नव्हता. हाताला तो रस्ता माहीतच नव्हता. रात्री छताकडे बघत त्याने जे चेंडू घातले, त्यातही नऊ नव्हता. तो स्वतःचा खेळ लोकांपासून झाकत आला, आणि त्या आठने त्याचा खेळ त्याच्यापासूनच झाकून ठेवला होता. त्याला रडू येईल असं वाटलं, भर दुपारी, माणसांत. त्याने कडेला चिकटलेल्या पांढऱ्याला कशीबशी काठी टेकवली आणि मारलं. नऊ पॉकेटाच्या जवळ गेला, थबकला, आणि तिथेच राहिला, अगदी तोंडाशी.

आता सेव्हेरोची पाळी. लहान मूलही घालेल असा चेंडू. म्हातारा जागेवरून उठला, टेबलाला वळसा घालून आला, तसा डेल्फिन बाजूला सरला. आता चुकवेल. इथेच चुकवेल, याच्यासाठीच सगळा घाट घातला होता. चुकवेल, हसेल, डोळा टिपेल, म्हणेल, वय झालं रे. आणि मी तो घालीन, मग मला बाक मिळेल, आणि मरेपर्यंत मला कळणार नाही की मी कोण आहे. घाल, डेल्फिन मनात म्हणाला. देवा, घालू दे याला. समोरच्याचा चेंडू आत जावा अशी प्रार्थना त्याने जन्मात केली नव्हती, हरायचं असताना तर नाहीच. सेव्हेरो वाकला. डेल्फिनने चेंडूकडे बघितलंच नाही. म्हाताऱ्याचं कोपर पेंडुलमसारखं मागे गेलं, पुढे आलं, तसूभर इकडेतिकडे नाही. नऊ आत गेल्याचा आवाज त्याने ऐकला. दया नाही, दान नाही. मग तो चार नंबरही खराच चुकला होता, आणि डोळ्यातलं पाणीही खरं होतं. डेल्फिनच्या संशयालासुद्धा इथे बोट घालायला फट सापडेना.

माणसं पांगली. सेव्हेरो बाकावर बसून काठीचे दोन भाग सुटे करत होता. डेल्फिन त्याच्यासमोर उभा राहिला. "तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "काय?" "मी चुकवत होतो ते." "पहिल्या महिन्यापासून." "मग आठ का देत राहिलात?" म्हाताऱ्याने मान वर केली. त्याच्या उजव्या डोळ्यावर दुधाळ साय आली होती, इतक्या जवळून ती स्पष्ट दिसली. "तू घेत राहिलास म्हणून," तो म्हणाला. डेल्फिनने विचारलं, "मग आजच का काढून घेतलात?" सेव्हेरो काठी फडक्याने पुसत राहिला. "हा डोळा जातोय, तोतो. दुसराही जाईल म्हणतात. गुइमारासला मुलीकडे कोण टेबल ठेवतंय? म्हटलं, जायच्या आधी एकदा तरी तुझ्याशी खेळावं." डेल्फिन बघतच राहिला. इतक्या रविवारांत आपण या माणसाशी एकदाही खेळलो नव्हतो. "आणि केळी?" त्याने विचारलं, कारण ते अजून घशात होतं. "कसली केळी?" "गुरुवारी जोविताकडून घेतलीत." "बोहणी झाली नव्हती तिची. शेजारच्या डुकराला घातली," सेव्हेरो म्हणाला. "बॅचॉय विसरू नकोस. आतडी जास्त घालायला सांग." आणि त्याने काठीचं खोकं बाकावरून उचलून पायाशी ठेवलं. बाकावर जागा झाली. ती आपल्यासाठी केली की खोकं नुसतं खाली ठेवायचं होतं, हे डेल्फिनला ठरवता येईना, म्हणून तो उभाच राहिला.

"डेल्फिन," मागून इस्को म्हणाला. त्याच्या हातात काठी होती, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे शेंगदाणे मागताना असायचं. "खेळूया का एक? मला आठ देशील?" हे त्याला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. आठ मागणाऱ्याचा आवाज त्याला आतून पाठ होता, पण तो बाहेरून कसा ऐकू येतो हे आज पहिल्यांदाच कळत होतं, आणि त्या आवाजाने हरलेल्या माणसाच्या छातीत एकदम गोड वाटलं, इतकं की तो हो म्हणणारच होता. घे, आठ तुझा. मग त्याने इस्कोकडे नीट बघितलं. हा माणूस माझ्या शेजारी बसून किती वर्षं काय झाकत आलाय? रात्री हाही छताकडे बघत असेल का? "मागच्या रविवारी तो सरळ दोन नंबर कसा रे चुकलास?" डेल्फिनने विचारलं. "गेला हातातून," इस्को म्हणाला आणि त्याची नजर किंचित ढळली. बाकावर सेव्हेरो फडकं घडी करत होता, त्याने वर पाहिलं नाही.

"आधी एक डाव सरळ खेळ," डेल्फिन म्हणाला. "मग बघू."

नांग पासिंगने चेंडू लावले. इस्कोने खडू लावला, वाकला, आणि सगळ्यांनी चेंडूंकडे माना वळवल्या. डेल्फिन त्याच्या कोपराकडे बघत राहिला.